शेताचा नकाशा बरोबर दिसतो, तरी सॉफ्टवेअर त्याला ‘अवैध’ का म्हणतं?

समजा, वाळवा तालुक्यात चार कोपऱ्यांचं एक शेत आहे. दक्षिणेचा बांध १०० मीटर, पूर्वेचा १०० मीटर, पश्चिमेचा ६० मीटर आणि उत्तरेचा बांध तिरका. क्षेत्र भरतं ८० आर, म्हणजे दोन एकरांना थोडं कमी. मोजणी झाली, चारही कोपरे अचूक नोंदवले गेले. फक्त कॉम्प्युटरमध्ये आकडे भरताना दोन कोपऱ्यांचा क्रम उलटसुलट झाला. कोपरे तेच, आकडेही तेच. तरीही कॉम्प्युटर या शेताचं क्षेत्र दाखवतो २० आर.

मग ६० आर जमीन गेली कुठे?

हे उदाहरण काल्पनिक असलं तरी गणित खरं आहे. अशा चुका पकडण्यासाठीच नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये काही नियम असतात. त्यात बसणाऱ्या आकाराला ‘वैध’ म्हणतात, न बसणाऱ्याला ‘अवैध’. गट नकाशे ऑनलाइन आले आहेत, गावठाणातली घरं स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजली जात आहेत (केंद्र सरकारनं ही योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू केली) आणि मोबाइलवरून शेत मोजणारी ॲपही हाताशी आहेत. त्यामुळे हे नियम आता फक्त इंजिनीअरपुरते राहिलेले नाहीत.

ते नेमके काय आहेत, ते कशापासून वाचवतात आणि कशापासून वाचवू शकत नाहीत, हे सातारा-सांगलीच्या उदाहरणांतून समजून घेऊया.

कॉम्प्युटरला शेत कसं दिसतं?

माणूस नकाशा बघतो तेव्हा त्याला बांध, रस्ता, ओढा दिसतो. कॉम्प्युटरकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे असते फक्त बिंदूंची यादी. पहिल्या बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत सरळ रेष, दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत सरळ रेष, असं करत परत पहिल्या बिंदूवर यायचं. या बंद कड्याच्या आत जे आलं ते शेत. अशा आकाराला ‘पॉलिगॉन’ म्हणतात. शाळेच्या भूमितीतला बहुभुज तो हाच.

म्हणजे बिंदू कुठे आहेत याइतकाच महत्त्वाचा असतो तो त्यांचा क्रम. शेताभोवती बांधाबांधानं फेरी मारली तर कोपरे एकापाठोपाठ येतात. क्रम चुकला की कॉम्प्युटर बांध सोडून शेताच्या मधून तिरका चालायला लागतो.

८० आरचे २० आर कसे होतात?

आपल्या शेताचे कोपरे अ, ब, क, ड असे धरूया. अ नैऋत्येला, ब आग्नेयेला, क ईशान्येला आणि ड वायव्येला. बरोबर क्रम अ-ब-क-ड. यादीत ब आणि क यांची अदलाबदल झाली तर कॉम्प्युटर अ-क-ब-ड असा फिरतो. अ ते क ही तिरकी रेष, ब ते ड ही दुसरी तिरकी रेष. दोन्ही शेताच्या आत एकमेकींना छेदतात आणि आडव्या डमरूसारखा आकार तयार होतो.

या डमरूचा पूर्वेकडचा त्रिकोण भरतो ३१.२५ आर आणि पश्चिमेकडचा ११.२५ आर. पण क्षेत्र काढण्याचं नेहमीचं सूत्र कड्यावरून फिरत फिरत हिशोब करतं. कडं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरलं तर एक चिन्ह, उलट दिशेनं फिरलं तर दुसरं. डमरूत एक त्रिकोण एका दिशेनं फिरतो आणि दुसरा विरुद्ध दिशेनं. त्यामुळे दोन्ही क्षेत्रांची बेरीज होण्याऐवजी वजाबाकी होते. ३१.२५ मधून ११.२५ गेले, राहिले २० आर.

शेत अगदी चौकोनी असेल तर गंमत आणखी वाढते. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे बरोबर एक गुंठा जागा घ्या. तिचे दोन शेजारचे कोपरे अदलाबदल झाले तर दोन्ही त्रिकोण सारखेच होतात आणि उत्तर येतं शून्य. गुंठाभर जमीन कागदावरून नाहीशी!

यात कॉम्प्युटर कुठेही अडखळत नाही. तो लाल अक्षरात काही दाखवत नाही, थांबत नाही. मुकाट्यानं उत्तर देऊन मोकळा होतो. म्हणूनच हिशोबाच्या आधी आकार तपासावा लागतो.

हे नियम ठरवले कुणी?

नकाशाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्था अनेक आहेत. प्रत्येकानं आपापले नियम केले तर एकाची फाइल दुसऱ्याकडे चालणार नाही. म्हणून १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम’ या संस्थेनं ‘सिंपल फीचर्स’ नावाचं एक मानक तयार केलं. पुढे आयएसओनं ते १९१२५ या क्रमांकानं स्वीकारलं. पोस्टजीआयएस हा डेटाबेस, क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आणि इतर बरीच साधनं कमीअधिक प्रमाणात याच मानकावर चालतात.

मुख्य नियम कोणते?

कडं बंद हवं. यादीतला शेवटचा बिंदू आणि पहिला बिंदू एकच असला पाहिजे. नाहीतर ते शेत नाही, नुसती वाकडीतिकडी रेष आहे.

कड्यानं स्वतःला छेदू नये. वरचा डमरू इथेच पकडला जातो.

शेपूट नको. बांधावरून एक रेष बाहेर गेली आणि त्याच वाटेनं परत आली तर तिच्या आत जागाच नसते. असा काटा चालत नाही.

छिद्र आतच हवं. शेताच्या मधोमध दुसऱ्याच्या नावावरची विहीर आणि तिच्याभोवतीची दोन गुंठे जागा असेल, तर ती शेतातून वगळावी लागते. त्यासाठी बाहेरच्या कड्याच्या आत दुसरं कडं काढतात. हे आतलं कडं बाहेरच्या कड्याला एखाद्या बिंदूत टेकलं तर चालतं. पण दोन्ही कडी एकमेकांना छेदून चालत नाहीत किंवा काही अंतर एकाच रेषेवरून जाऊनही चालत नाहीत. दोन छिद्रं एकमेकांवर आलेलीही चालत नाहीत.

आतली जागा सलग हवी. एका पॉलिगॉनच्या आतल्या कुठल्याही जागेवरून दुसऱ्या जागेपर्यंत कडं न ओलांडता जाता आलं पाहिजे.

हा शेवटचा नियम सांगली आणि साताऱ्याच्या पूर्व भागात चटकन समजेल. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे कालवे अनेक शिवारांतून गेले आहेत. कालव्यासाठी शेताच्या आरपार पट्टा संपादित झाला, तर उरलेलं शेत दोन तुकड्यांत राहतं. गट नंबर एक असेल, मालक एक असेल, पण भूमितीच्या दृष्टीनं ते आता सलग नाही. कालव्याचा पट्टा ‘छिद्र’ म्हणून दाखवता येत नाही. तिथे दोन वेगळे पॉलिगॉन करून ते एका नोंदीखाली ठेवावे लागतात. अशा नोंदीला ‘मल्टिपॉलिगॉन’ म्हणतात. तिच्यातले तुकडे एकमेकांवर यायला नकोत, आणि त्यांची बाजू सामाईक असायला नको.

एक नोंद, अनेक तुकडे: औंध आणि सांगली संस्थान

मल्टिपॉलिगॉन म्हणजे काय हे समजून घ्यायला या भागाच्या जुन्या नकाशाइतकं चांगलं उदाहरण क्वचितच मिळेल.

पंतप्रतिनिधींचं औंध संस्थान एकसंध नव्हतं. औंध आणि भोवतालची गावं आजच्या साताऱ्यातल्या खटाव तालुक्यात येतात. कुंडलचा टापू आणि आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहेत. गुणदाळचा भाग तर विजापूरकडे होता. १९१० मध्ये ज्या किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली, तीही कुंडलजवळच्या औंध संस्थानच्या जमिनीवर. या तुकड्यांच्या मध्ये होता ब्रिटिश सातारा जिल्हा आणि इतर संस्थानांचा मुलूख.

पटवर्धनांच्या सांगली संस्थानची गोष्ट तशीच. कृष्णाकाठच्या मुलखाबरोबर मंगळवेढा, तेरदाळ, बेळगावजवळचं शहापूर आणि आज गदग जिल्ह्यात असलेलं शिरहट्टी एवढ्या लांबची गावं एकाच संस्थानात होती.

आता १९४० सालचा नकाशा कॉम्प्युटरवर काढायचा असेल तर काय करावं लागेल? औंध ही एकच नोंद, पण तिच्यात अनेक कडी. आणि ब्रिटिश सातारा जिल्ह्यानं औंधचा जो भाग चारही बाजूंनी वेढला असेल, तिथे जिल्ह्याच्या पॉलिगॉनमध्ये छिद्र. ते छिद्र ठेवायचं राहिलं तर तीच गावं दोनदा मोजली जातील, एकदा औंधमध्ये आणि एकदा साताऱ्यात. क्षेत्र वाढेल, लोकसंख्याही वाढेल.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, अशी चूक वैधतेची तपासणी पकडत नाही. छिद्र नसलेला सातारा हा एकट्यानं पाहिला तर अगदी वैध पॉलिगॉन आहे. औंधही वैध. चूक आहे ती दोघांच्या नात्यात.

१९४८ मध्ये ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा नवा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. तुकड्यांची बरीचशी गुंतागुंत तेव्हा संपली. भारत-बांगलादेश सीमेवर मात्र ती २०१५ पर्यंत टिकली होती. तिथे दहाला खगडाबाडी हा भारताचा जमिनीचा तुकडा बांगलादेशच्या तुकड्यात होता, तो तुकडा भारताच्या तुकड्यात आणि तो पुन्हा बांगलादेशात. पॉलिगॉनच्या नियमांनुसार छिद्राच्या आत थेट बेट काढता येत नाही. ते वेगळा पॉलिगॉन म्हणून नोंदवावं लागतं. त्या नियमाची ही जणू परीक्षाच होती.

पुराच्या नकाशात काय बिघडतं?

२००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेला मोठे पूर आले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. पाणी त्याच्या वर गेलं की पुढचा प्रश्न असतो, ते कुठपर्यंत पसरलं?

आजकाल याचं उत्तर उपग्रहाच्या चित्रांवरूनही काढता येतं. ही चित्रं लहान लहान चौकोनांची, म्हणजे पिक्सेलची बनलेली असतात. पाण्याचे चौकोन वेगळे काढून त्यांच्याभोवती कडं काढलं की पुराचा पॉलिगॉन मिळतो. अडचण येते ती बुद्धिबळाच्या पटासारख्या ठिकाणी. तिथे पाण्याचे दोन चौकोन फक्त कोपऱ्याला कोपरा टेकून असतात. कडं त्या बिंदूवरून दोनदा जातं, स्वतःलाच शिवतं आणि आकार अवैध ठरतो.

पुढची पायरी असते पुराचा पॉलिगॉन गट नकाशावर ठेवून कोणते गट पाण्याखाली गेले याची यादी काढण्याची. आकार अवैध असेल तर काही साधनं इथे चूक दाखवून थांबतात. हे त्यातल्या त्यात बरं. कारण क्यूजीआयएसमध्ये अवैध आकारांचं काय करायचं याचे पर्याय असतात: थांबा, दुर्लक्ष करून पुढे चला किंवा तो आकार वगळा. ‘वगळा’ निवडलं तर काम न अडता पूर्ण होतं, यादीही तयार होते. मात्र ज्या गटाच्या पॉलिगॉनमध्ये दोष होता तो गट त्या यादीत नसतो. शेतात पाणी होतं, तरी यादीत नाव नाही, असं घडू शकतं.

एका सॉफ्टवेअरमध्ये बरोबर, दुसऱ्यात चूक?

हो, असंही होतं. शेताच्या आत असलेली आणि बांधाला एका बिंदूत टेकलेली विहीर घ्या. ‘सिंपल फीचर्स’ मानकानुसार तिच्यासाठी आत वेगळं कडं हवं. पण काही सॉफ्टवेअरमध्ये बाहेरचंच कडं त्या बिंदूतून आत वळवून, विहिरीला फेरी मारून परत बाहेर आणलेलं चालतं. चित्र अगदी एकसारखं दिसतं. पण आर्कजीआयएसच्या परंपरेत बसणारा असा आकार पोस्टजीआयएसमध्ये अवैध ठरू शकतो.

कड्याच्या दिशेचंही तसंच. शेपफाइल या जुन्या पण अजूनही सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकारात बाहेरचं कडं घड्याळाच्या दिशेनं हवं असतं. २०१६ च्या जिओजेसन मानकात ते उलट दिशेनं हवं. पोस्टजीआयएस वैधता ठरवताना दिशा बघतच नाही.

आकडे कापल्यानंही बिघाड होतो. अक्षांश-रेखांशात दशांश चिन्हानंतर पाचच आकडे ठेवले तर बिंदू साधारण एका मीटरच्या टप्प्यानं सरकतो. मोठ्या शेताला त्यानं फरक पडत नाही. पण मीटरभर रुंदीच्या पाणंदीचे दोन काठ एकमेकांवर येऊ शकतात, क्वचित एकमेकांना ओलांडूही शकतात. आधी वैध असलेली फाइल फक्त पाठवताना अवैध होते ती अशी.

‘दुरुस्त करा’ बटण दाबलं की झालं?

क्यूजीआयएसमध्ये आकार दुरुस्त करण्याची सोय आहे, पोस्टजीआयएसमध्ये त्यासाठी ‘एसटी_मेकव्हॅलिड’ नावाचं फंक्शन आहे. शेपूट कापणं, टेकलेली कडी सुटी करणं अशी कामं ही साधनं चांगली करतात. पण आपल्या ८० आरच्या शेताला ती वापरली तर काय होईल?

डमरू जिथे छेदतो तिथे तो तोडला जाईल आणि दोन त्रिकोण मिळतील. एक ३१.२५ आरचा, दुसरा ११.२५ आरचा. एकूण ४२.५ आर. आकार आता पूर्णपणे वैध आहे. सॉफ्टवेअरची तक्रार संपली. पण शेत होतं ८० आर.

शून्य मीटरचा ‘बफर’ देण्याची जुनी युक्तीही बऱ्याच जणांना माहीत असते. डमरूसारख्या आकारात ती एक बाजू सरळ गाळून टाकू शकते. मग उरतो एकच त्रिकोण.

म्हणजे एकाच शेताची उत्तरं झाली २०, ४२.५ किंवा त्याहून वेगळी. यातलं एकही खरं नाही. खरं उत्तर हवं असेल तर ब आणि क यांचा क्रम बदलला होता, हे कुणाला तरी कळायला हवं. ते बटणाला कळत नाही. मोजणीचं मूळ टिपण किंवा प्रत्यक्ष बांध बघणाऱ्या माणसाला कळतं.

वैध म्हणजे खरा नव्हे

या सगळ्याचं सार इतकंच आहे. वैधतेचे नियम एकच प्रश्न विचारतात: या आकाराला आत आणि बाहेर असा स्पष्ट अर्थ आहे का? बांध दोन मीटर शेजाऱ्याच्या हद्दीत काढला असेल तर आकार वैधच राहतो. अख्खं शेत ओढ्याच्या पलीकडे सरकलं असेल तरी वैधच राहतं. दोन शेजाऱ्यांच्या पॉलिगॉनमध्ये मोकळी फट राहिली किंवा ते एकमेकांवर चढले, तर ते शोधायला वेगळी तपासणी लागते. आणि हद्दीचे वाद बहुतेक वेळा असतात ते याच जागी.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. कॉम्प्युटरच्या नकाशात क्षेत्र कमी दिसलं म्हणून सातबाऱ्यावरचं क्षेत्र आपोआप कमी होत नाही. अभिलेखातली दुरुस्ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार ठरलेल्या पद्धतीनंच होते. हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करता येतो.

मग बघायचं काय?

मोबाइल ॲपवर शेत मोजताना बांधावरून एकाच दिशेनं फेरी मारा. सुरुवातीच्या कोपऱ्यावर आल्यावर थांबा, तसंच पुढे चालत राहू नका. मोबाइलचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं, त्यामुळे सुरुवात आणि शेवट जिथे मिळतात तिथेच कड्याला गाठ बसण्याची शक्यता जास्त असते. आकार स्क्रीनवर मोठा करून ती जागा बघा.

मिळालेलं क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून बघा. थोडाफार फरक समजण्यासारखा आहे. पण निम्मं किंवा पाव क्षेत्र आलं, तर आधी कोपऱ्यांचा क्रम तपासा.

आणि जे रोज या फायलींवर काम करतात त्यांच्यासाठी: दुरुस्तीचं बटण दाबण्याआधीचं क्षेत्र आणि नंतरचं क्षेत्र शेजारी शेजारी ठेवा. आधी किती गट होते आणि नंतर किती उरले तेही मोजा. ज्या गटात फरक मोठा आहे तो बटणावर सोडू नका, मूळ मोजणी काढा. कारण सॉफ्टवेअरच्या लेखी तो एक दुरुस्त झालेला आकार असतो. ज्याच्या नावावर तो गट आहे, त्याच्या लेखी ते शेत असतं.